सी, झेड की चौकोनी पाइप? पत्र्याखालच्या पर्लिनची निवड

पत्र्याचं छप्पर ठरवताना जाडी आणि रंग यांवर भरपूर खल होतो. पत्रा ज्यांच्यावर स्क्रूने बसतो त्या आडव्या पर्लिन मात्र हाताशी असेल त्या मालातून कापल्या जातात. छप्पर झोळतं किंवा वाऱ्याने उचकटतं, त्याचं मूळ बरेचदा तिथेच सापडतं.

आधी गाळे मोजा, म्हणजे दोन कैच्यांमधले (छप्पर तोलणाऱ्या चौकटींमधले) भाग. छपराला एका ओळीत तीन-चार गाळे असतील तर मी बिनदिक्कत झेड, म्हणजे Z अक्षराच्या आकाराची पर्लिन, घेईन. झेडच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांपैकी एक दुसरीपेक्षा किंचित रुंद ठेवलेली असते. त्यामुळे एक तुकडा उलटा केला की दुसऱ्यात चपखल बसतो आणि कैचीवर दोघांचा जोड एकावर एक चढवता येतो. सलग पर्लिनवर वाकवणारा जोर सर्वात जास्त येतो तो कैचीवरच, आणि नेमकं तिथेच दुहेरी पोलाद मिळतं. शिवाय समान भाराखाली दोन सारख्या गाळ्यांवर सलग गेलेल्या पर्लिनचा झोळ सुट्या पर्लिनच्या निम्म्याहूनही कमी असतो.

सी (C आकाराची) एकमेकींत अशी बसत नाही. पण तिची पाठ सपाट असल्याने क्लीटला (कैचीवर बसवलेल्या लोखंडी तुकड्याला) बोल्ट मारणं सोपं जातं. एकच गाळा असेल किंवा कडेची पर्लिन असेल, तर सी पुरेशी.

चौकोनी पाइप बंद आकाराची, त्यामुळे पीळ सहज पेलते. छोट्या शेडला ती चालते. मात्र वेल्डिंगने जस्ताचा थर जळतो, तिथे झिंक प्रायमर लावायलाच हवा. टोकं उघडी राहिली तर पाइप आतून गंजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

सी आणि झेड दोन्ही उघड्या आकाराच्या, म्हणून भाराखाली पिळवटतात. त्यात वारा छप्पर वर खेचतो तेव्हा खालची पट्टी दाबली जाते. वरच्या पट्टीला पत्र्याचा आधार असतो, खालचीला कुणाचाच नाही. पर्लिनना एकमेकींशी बांधणारे सॅग रॉड किंवा ब्रेसिंग त्यासाठीच असतात. खर्च कमी करताना पहिली काट त्यांच्यावर पडते, आणि नेमकी तीच मला धोक्याची वाटते.

दरपत्रक मागवताना पर्लिनची उंची, तिच्या पत्र्याची जाडी, जस्ताचा थर, कैचीवरच्या जोडाची लांबी आणि सॅग रॉडच्या ओळी हे सगळं लिहून घ्या. नुसत्या किलोच्या भावावर दोन दरपत्रकांची तुलना होत नाही.