कॅलिस्टोगा: वाईन घेत नसाल तरी जा

कॅलिफोर्नियातल्या नापा व्हॅली ह्या वाईनसाठी प्रसिद्ध भागाच्या अगदी उत्तर टोकाचं हे गाव, आणि माझं स्पष्ट मत आहे की नापाला जाऊन नुसत्या वायनरीज (वाईन बनवणाऱ्या जागा) करत बसलात तर खरी मजा हुकेल. आम्ही गेलो ते मुख्य म्हणजे मड बाथसाठी. ज्वालामुखीची राख, पीट (दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती) आणि इथल्याच झऱ्यांचं गरम पाणी असं टबमध्ये कालवलेलं असतं, सुरुवातीला अंग आत जातच नाही, तरंगल्यासारखं होतं, मग तिथली बाई वरून चिखल ओढून गळ्यापर्यंत झाकते आणि थोड्याच वेळात कपाळावरून घाम निथळायला लागतो, दहा-बारा मिनिटं पुरे होतात, नंतर मिनरल पाण्याचा टब आणि मग चादरीत गुंडाळून मस्त पडून राहायचं. बीपीचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर मात्र टाळा.

वाईनवाल्यांनी शातो मॉंटेलेना ही वायनरी चुकवू नका, ह्यांच्याच 1973 च्या शार्डने ह्या व्हाइट वाईननं 1976 मध्ये पॅरिसच्या ब्लाइंड टेस्टिंगमध्ये (कुठली वाईन आहे ते न सांगता चव घेऊन गुण देतात त्यात) फ्रेंच वाईन्सना मागे टाकलं होतं. टेस्टिंग आधीच बुक करा, आणि स्वस्त नाहीये हां. मुलं असतील तर गीझर, म्हणजे जमिनीतून उडणारं गरम पाण्याचं नैसर्गिक कारंजं, दाखवा, पाणी एकदम उंच उडतं, फक्त थोडी वाट बघावी लागते. पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये दगड झालेले रेडवूडचे ओंडके आहेत, जवळ जाऊन बघितलं तर लाकडाच्या रेषासुद्धा दिसतात, मला तर सगळ्यात जास्त तेच आवडलं! उन्हाळ्यात दुपारी ऊन जाम तापतं, त्यामुळे हे सगळं सकाळीच उरका आणि लिंकन अव्हेन्यू हा गावातला मुख्य रस्ता संध्याकाळी चालत फिरा.