कारखाना टाकायचा तर नागपूर की पुणे?

बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करून घ्यायला इथे नागपुरात माझ्याकडे जी तरुण मंडळी येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचा हिशेब जागेच्या भावापासून सुरू होतो. बुटीबोरीत प्लॉट स्वस्त, चाकणला महाग, म्हणून नागपूर. नाहीतर उलट: सगळे पुण्यालाच जातात, म्हणून पुणे. दोन्ही हिशेब अर्धवट आहेत. शहर आपल्या धंद्याला नेमकं काय देतं, हे आधी बघा. उत्तर मालागणिक वेगळं निघेल.

2011 च्या जनगणनेत देशातले 31 टक्के लोक शहरांत राहत होते, पण देशाच्या उत्पन्नातला शहरांचा वाटा 60 टक्क्यांच्या आसपास धरला जातो. खूप कारखाने, कारागीर, वाहतूकदार आणि गिऱ्हाइकं एका ठिकाणी आली की प्रत्येकाचं काम लवकर आणि कमी पैशात होतं, हे त्याचं मोठं कारण. अर्थव्यवस्था शेतीतून कारखानदारीकडे सरकत असताना वाढीचा जोर शहरांत दिसतो तो त्यामुळेच.

पुण्याचं खरं भांडवल

समजा तुम्ही पत्र्याचे पार्ट दाबून देता आणि भर दुपारी प्रेसवरची डाय, म्हणजे साचा, तडकली. भोसरीत असाल तर वायरकटवाला (तारेने धातू कापणारा), हीट ट्रीटमेंटवाला (तापवून धातू कडक करणारा), ग्राइंडिंगवाला, सगळे दुचाकीच्या अंतरावर. एकाकडे काम तुंबलेलं असेल तर शेजारच्या गल्लीत दुसरा आहे. नागपूरच्या हिंगण्यातही ही कामं होतात आणि चांगली होतात, पण करणारे मोजके. त्यांच्याकडे रांग असली की तुमची प्रेस बंद. यावर इकडचा कारखानदार काय करतो? एक जादा डाय करून ठेवतो, सुटे भाग जास्त भरतो, मेंटेनन्सला एक जाणता माणूस कायमचा पगारावर ठेवतो. यात पैसा अडकतो, त्यावर व्याज चढतं, आणि स्वस्त प्लॉटच्या हिशेबात ते कुठेच दिसत नाही.

पुण्याला हे एका रात्रीत मिळालेलं नाही. खडकीत किर्लोस्करांची इंजिनं 1946 पासून. 1960 च्या दशकात आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को (आजची टाटा मोटर्स) आले, त्यांना पार्ट पुरवणारे आजूबाजूला उभे राहिले, त्या पुरवठादारांकडे शिकलेल्या फिटर-टर्नरनी पुढे स्वतःची शेड टाकली. गाड्यांच्या भागांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्थाही 1966 पासून तिथेच आहे.

मजुरांचंही तसंच. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, चालवणाऱ्या पोराला पिंपरी-चिंचवडमध्ये एक नोकरी गेली तरी दुसरी सापडेल याची खात्री असते. म्हणून तो तिथे जातो, आणि तो तिथे आहे म्हणून नवा कारखानाही तिथेच येतो. आपल्या आयटीआयमधून निघालेली पोरं पुण्याची गाडी पकडतात, याचं मला फार वाईट वाटतं. पण त्यांचं चुकत नाही. त्यांना थांबवायचं असेल तर इथे एका कामाच्या चार-पाच नोकऱ्या असाव्या लागतील.

पुण्याची किंमतही आहे. जागेचं भाडं आहे, कामगाराच्या खोलीचं भाडं शेवटी तुमच्याच पगारपत्रकात येतं, आणि चाकणच्या कोंडीत अडकलेल्या ट्रकचे तास कुणी परत देत नाही.

नागपूर कुठे भारी पडतं

जमशेटजी टाटांनी 1877 साली एम्प्रेस मिल मुंबईत न काढता इथे काढली. कापूस जवळ होता आणि 1867 मध्ये रेल्वे आली होती. कच्चा माल आणि मध्यवर्ती जागा, या दोन गोष्टी आजही नागपूरच्याच आहेत. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे रेल्वेमार्ग इथे एकमेकांना छेदतात. राष्ट्रीय महामार्ग 44 आणि 53 इथेच भेटतात. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण खुला आहे.

जीएसटीने या जागेची किंमत वाढवली. 1 जुलै 2017 पूर्वी परराज्यातल्या विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर टाळायला कंपन्या जवळपास प्रत्येक राज्यात गोदाम ठेवत. ते कारण गेलं, आणि चार दिशांना माल पाठवता येईल अशी मोजकीच मोठी गोदामं परवडू लागली. तुमचा माल देशभर जाणारा असेल, खाद्यपदार्थ, रंग, बांधकामाचं साहित्य, तर वाहतुकीच्या भाड्यातली बचत दरवर्षी हातात राहते. संत्रा, कापूस, डाळ, तांदूळ यांवरच्या प्रक्रियेला तर मी पुण्याचा विचारही करू देणार नाही. खाणींना लागणाऱ्या सामानाचंही तेच: कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मँगनीज काढणारी मॉईल या दोन्हींची मुख्यालयं इथे आहेत, म्हणजे गिऱ्हाईक गावातलंच.

एक मात्र लक्षात असू द्या. 2002 मध्ये एम्प्रेस मिल बंद झाली तेव्हा गिरणीतलं काम जाणणाऱ्यांना तशाच कामाला घेणारं गावात फारसं कुणी उरलं नव्हतं. त्या जागेवर आता मॉल आहे. एकाच गिऱ्हाइकावर किंवा एकाच मालावर धंदा उभा करणं कुठेही धोक्याचं, पण पर्याय कमी असलेल्या शहरात जास्त.

सरकारी प्रोत्साहन योजनेत विदर्भाला पुण्यापेक्षा जास्त सवलती आहेत, विजेतही सूट मिळते. ती घ्या, पण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नफा तिच्यावर टेकवू नका. अनुदान उशिरा आलं तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. लोखंड वितळवण्यासारखा धंदा असेल, जिथे वीज हाच मुख्य खर्च, तर नागपूर-पुणे हा वाद सोडा आणि रायपूरचे विजेचे दर मागवा. उन्हाळ्याचा खर्चही धरा: मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडखाली दुपारची पाळी मंदावते.

हिंगणा, बुटीबोरी, मिहान

नागपूरच ठरलं तर छोट्या युनिटने आधी हिंगणा बघावं. जॉबवर्कवाले, म्हणजे दुसऱ्यांची कामं करून देणारे, तिथे, आणि लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो असल्याने कामगार शहरात राहून येऊ शकतो. बुटीबोरी मोठ्या जागेसाठी, मोठ्या मशीनसाठी. पण कामगारांना न्यायला-आणायला गाडी लागेल. विमानतळालगतचं मिहान हे निर्यात, विमान देखभाल आणि आयटीवाल्यांचं.

माझा कौल

वाहनांचे अचूक मापाचे पार्ट, किंवा अजून ज्याचं डिझाइन दर महिन्याला बदलतंय असा नवा माल: पुणे, तोही भाड्याच्या गाळ्यात. चार पुरवठादार पालटून बघायची सोय तिथेच आहे. माल पक्का झाला, रोज तेच बनवायचं असलं, की मग नागपूरला या, कारण तेव्हा जागा आणि वाहतूक हेच खर्च उरतात. शेतमाल, खाण, गोदाम: पहिल्या दिवसापासून नागपूर.

एमआयडीसीचा प्लॉट घेण्याआधी महिनाभर एक वही ठेवा. बाहेरून करून घ्यावं लागणारं प्रत्येक काम, करणारा कुठे आहे, किती दिवस लागतात, आणि तो नाही म्हणाला तर दुसरा कोण. दुसऱ्याचा रकाना निम्म्याहून अधिक रिकामा राहिला तर प्लॉटची घाई करू नका. ठरलेल्या मुदतीत बांधकाम झालं नाही तर मुदतवाढीचे पैसे भरावे लागतात.