दोन पर्यायांत न मावणारी श्रद्धा: एका ऑनलाइन चर्चावर्गाविषयी

श्रद्धा आणि सार्वजनिक वाद या विषयावरचा सहा सत्रांचा एक ऑनलाइन चर्चावर्ग मी नुकताच पूर्ण केला. मी देव मानते आणि रोज प्रार्थना करते, पण धर्मग्रंथातले प्रत्येक वाक्य शब्दशः घ्यावे असे मला वाटत नाही. स्त्रियांना धार्मिक अधिकार असावेत आणि विज्ञानाच्या प्रश्नांची उत्तरे विज्ञानाकडेच मागावीत, हे मला श्रद्धा सोडून नव्हे, तर श्रद्धेतूनच पटले आहे. जाहीर वादांत मात्र अशा माणसाला कोणीच आपले मानत नाही. कट्टर मंडळींच्या लेखी आम्ही बाटलेले, तर काही नास्तिक मित्रांच्या लेखी अर्ध्या वाटेवर अडकलेले. त्यामुळे या वर्गाकडून माझ्या अपेक्षा मोठ्या होत्या आणि त्यांपैकी बऱ्याच पूर्ण झाल्या.

सर्वांत कसदार ठरले ते तिसरे सत्र. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याने १९८१ साली एक कायदा करून शाळांमध्ये उत्क्रांतीच्या बरोबरीने ‘सृष्टीविज्ञान’, म्हणजे ईश्वराने सृष्टी निर्माण केली हा विचार विज्ञान म्हणून, शिकवण्याची सक्ती केली. त्या कायद्याविरुद्ध खटला झाला. या खटल्याची आठवण ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ अशीच सांगितली जाते. पण सत्रात आधी फिर्यादींची यादी वाचून दाखवण्यात आली, आणि त्या यादीत पहिले नाव मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या एका धर्मोपदेशकाचे होते. त्याच्याबरोबर कॅथलिक आणि एपिस्कोपल बिशप होते, ज्यू संघटना होत्या. लँग्डन गिल्की या धर्मशास्त्रज्ञाने न्यायालयात साक्ष दिली की हे विज्ञान नसून धर्म आहे. ५ जानेवारी १९८२ रोजी न्यायाधीश विल्यम ओव्हरटन यांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. म्हणजे धर्माला झुकते माप देणारा कायदा रद्द व्हावा म्हणून श्रद्धावंतच न्यायालयाची पायरी चढले होते. ही यादी ऐकताना मला अक्षरशः भरून आले, कारण आपल्या आधी कोणीतरी या वाटेने गेले आहे, याचा पुरावा माझ्यासमोर होता.

दुसऱ्या सत्रात ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर (धर्माच्या बाजूने) आणि नास्तिक लेखक क्रिस्टोफर हिचेन्स (विरोधात) यांच्या २०१० च्या टोरांटोमधील वादाची चिकित्सा होती. धर्म ही जगातील हितकारक शक्ती आहे का, या प्रश्नावर श्रोत्यांनी कोणत्या तरी एका बाजूला मत द्यायचे, या रचनेमुळेच कोणता धर्म, कोणत्या काळातला, कोणाच्या हातातला, हे प्रश्न मागे पडतात, हा मुद्दा नेमकेपणाने मांडला गेला. चौथे सत्र ठीक होते.

वर्गाचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. समोरच्याचे म्हणणे खोडण्याआधी ते त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडून दाखवायचे. एका नास्तिक सहाध्यायीने माझी भूमिका मांडली, मी दोनदा दुरुस्ती सुचवली, आणि तिसऱ्या वेळी ती इतकी अचूक उतरली की मला स्वतःलाही ती तशी मांडता आली नसती.

म्हणूनच पाचव्या सत्राने केलेली निराशा जास्त बोचली. सुरुवातीलाच पडद्यावर प्रश्न आला: ‘धर्मग्रंथ ही ईश्वराची वाणी आहे का?’ खाली दोनच बटणे होती, ‘होय’ आणि ‘नाही’, आणि कोपऱ्यात तीस सेकंद उलटे मोजले जात होते. माझ्यासाठी तो ग्रंथ माणसांनी आपल्या काळाच्या मर्यादांसह लिहिलेला आहे, आणि तरीही त्यातून ईश्वर माझ्याशी बोलतो. हे सांगायला कोणते बटण दाबायचे? वेळ संपली आणि माझी नोंद ‘उत्तर दिले नाही’ अशी झाली. दोन सत्रे ज्या रचनेवर टीका केली, तीच रचना वर्गाने स्वतः वापरावी, हे मला पटले नाही.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. ग्रंथातले काय स्वीकारायचे आणि काय मागे ठेवायचे, हे तुम्ही कोणत्या निकषावर ठरवता, असे एका सहभागी व्यक्तीने आम्हा पुरोगामी श्रद्धावंतांना विचारले. प्रश्न रास्त होता आणि अवघडही. सूत्रसंचालकांनी मात्र ‘प्रत्येकाची श्रद्धा वेगळी’ असे म्हणून विषय पुढे नेला. आम्हाला असे सांभाळून घेण्याची गरज नव्हती. करुणा हा आमचा निकष असेल, तर तो ग्रंथातूनच येतो की बाहेरून, याचा कस त्या दिवशी लागायला हवा होता.

तरीही वादात बाजू घेण्याआधी प्रश्नच तपासून पाहण्याची इच्छा असलेल्या प्रत्येकाला, मग तो श्रद्धावान असो वा नास्तिक, मी हा वर्ग सुचवेन. आयोजकांना मी सविस्तर कळवले आहे: बटणांच्या जागी चार ओळी लिहिण्याची सोय करावी, आणि निकषाच्या त्या प्रश्नासाठी एक पूर्ण सत्र राखून ठेवावे. ते सत्र झाले, तर त्यासाठी मी पुन्हा नाव नोंदवीन.