रेक्याविकचं सागरी संग्रहालय आणि ‘ओदिन’: समुद्रावर पोट असणाऱ्यांनी बघावंच

आइसलँडहून परतलेली आपली माणसं धबधब्यांचे फोटो दाखवतात. मी सांगेन, रेक्याविकमध्ये अर्धा दिवस हाताशी असेल तर जुन्या बंदराकडे, ग्रांडी भागात जा. तिथलं सागरी संग्रहालय बघा आणि शेजारी धक्क्याला बांधलेल्या ‘ओदिन’ जहाजावर चढा.

मी मालवणची, आजोबांची रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. सोबत आई होती. आदल्या दिवशी एका कंपनीच्या बससहलीत थिंगवेत्लीरला गेलो होतो. ९३० साली आइसलँडची लोकसभा, आल्थिंग, इथेच उघड्यावर भरू लागली. उत्तर अमेरिका आणि युरेशियाचे भूपट्ट एकमेकांपासून सरकताहेत, त्याच्या भेगा तिथे डोळ्यांनी दिसतात. अशा जागी बस थांबली जेमतेम २० मिनिटं. आई कड्यापर्यंत पोचायच्या आत परत बोलावणं आलं. एवढे पैसे मोजून त्या जागी दोन मिनिटं टेकताही आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

संग्रहालयात ती घाई नाही. ही इमारत मुळात मासळी गोठवायचा कारखाना. वल्ह्यांच्या उघड्या होड्या, मग १९०२ मध्ये इंजिन बसवलेली पहिली होडी, मग मागे जाळं ओढत नेणारे मोठे ट्रॉलर, असा दीडशे वर्षांचा प्रवास. खारवलेला कॉड मासा खडकांवर पसरून वाळवणाऱ्या बायकांच्या फोटोपुढे आई थबकली. “ह्या तर आपलाच काम गो!” पुढची दहा मिनिटं ती तिथून हलली नाही.

हा देश महाराष्ट्राच्या एक तृतीयांश, आणि माणसं चार लाखांच्या आत, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाच्या निम्म्याहूनही कमी. मधला बराचसा भाग हिमनद्या आणि लाव्हा, त्यामुळे वस्ती मुख्यतः किनाऱ्याला. १९४४ मध्ये डेन्मार्कपासून वेगळं होऊन प्रजासत्ताक झालं तेव्हा पदरात होती ती मासळीच. ॲल्युमिनियम आणि पर्यटन नंतर आलं.

आता ‘ओदिन’. तटरक्षक दलाचं हे जहाज १९५९ मध्ये बांधलेलं, ब्रिटनशी झालेल्या तिन्ही ‘कॉड युद्धां’त होतं. आइसलँडने आपली मासेमारीची हद्द १९५८ मध्ये १२ सागरी मैल केली, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २००. ब्रिटिश ट्रॉलर हटेनात, त्यांच्या रक्षणाला नौदलाच्या युद्धनौका आल्या. आइसलँडकडे सैन्यच नाही. मग त्यांनी हत्यार काढलं ते दोर कापायचं: नांगरासारखा आकार, आतल्या बाजूला धार. ट्रॉलरच्या मागून आडवं जाताना ते पाण्यात ओढत न्यायचं, जाळ्याची तार त्यात सापडली की तुटायची आणि जाळं मासळीसकट तळाला. माणूस मारायचा नाही, जाळं तोडायचं. मार्गदर्शक गृहस्थ दोन्ही हातांनी ती तार कशी अडकते ते दाखवत होते, आणि पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठं गोल जाळं टाकणाऱ्या यांत्रिक बोटींनी, आमच्या किनाऱ्यालगत येऊन मासळी उचलून नेल्यावर रिकामी रापण ओढणारे आजोबा माझ्या डोळ्यांपुढे आले. घसा दाटला. १९७६ च्या जूनमध्ये ब्रिटनने माघार घेतली. त्याच वर्षी भारतानेही २०० मैलांच्या आर्थिक क्षेत्राचा कायदा केला.

एक गोष्ट मनात ठेवून मात्र आत जा. परक्यांना हाकललं, पण १९८४ पासून कोणी किती मासळी धरायची याचा कोटा आला, १९९० च्या कायद्याने तो विकता येऊ लागला, आणि हळूहळू मोठ्या कंपन्यांच्या हातात गेला. छोट्या बंदरांतल्या कित्येक होड्या कायमच्या किनाऱ्याला लागल्या. समुद्र आपला झाला म्हणून तो कोळ्याचा राहतोच असं नाही, हे मला तिथे फार टोचलं.

तिकीट आपल्या हिशेबाने महाग आहे, तरी संग्रहालय आणि जहाज दोन्ही एकत्र घ्या. ‘ओदिन’वर ठरावीक वेळांनाच नेतात, त्यामुळे आधी ती वेळ विचारा आणि मग संग्रहालय बघा. जिने उभे आहेत, आईला हात धरून चढवावं लागलं. डेकवर वारा हाडं गोठवतो, कानटोपी न्या.

सुट्टे परत आले त्यात १०० क्रोनाचं नाणं होतं. इथल्या सगळ्या नाण्यांवर समुद्रातलेच जीव असतात. आईने ते उलटसुलट करून विचारलं, “ह्यो खयचो मासो?” काउंटरवरच्या मुलीने लम्पफिश म्हणून सांगितलं, आणि हाताने त्याचं गोलमटोल पोट दाखवलं. आईने ते नाणं खर्च केलं नाही, घरी देवघरात ठेवलंय.