साधा टीसीडी की रंगीत डुप्लेक्स? बारीक रक्तवाहिन्यांच्या मेंदूविकारासाठी निवडताना

रक्तदाब जुना, चाल मंदावलेली, विसरभोळेपणा वाढलेला आणि एमआरआयवर पांढरे डाग. नाशिकच्या ओपीडीत सिन्नर, निफाड, दिंडोरीकडून असे आजी-आजोबा कायम येतात. त्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह अल्ट्रासाऊंडने तपासायला कुठलं यंत्र घ्यावं, असं नवे सहकारी विचारतात: साधा टीसीडी (ट्रान्सक्रेनियल डॉपलर, म्हणजे कवटीवरून रक्ताचा नुसता वेग मोजणारं यंत्र) की वेगासोबत धमन्यांचं चित्रही दाखवणारं रंगीत डुप्लेक्स? मी दोन्ही वापरली आहेत.

चित्राच्या बाबतीत रंगीत डुप्लेक्सला तोड नाही. विलिसचं वर्तुळ, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं कडं, समोर दिसतं, मेंदूची मधली धमनी चाचपडत शोधावी लागत नाही, ध्वनिलहरी आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन दुरुस्त करून वेग मोजता येतो. मोठी धमनी अरुंद झाल्याचा संशय असेल तर मीही तेच घेतो. साध्या टीसीडीत पडद्यावर नुसत्या लहरी. ४५ ते ६५ मिलिमीटर खोलीवर धमनी कानाने ओळखायची. हात बसायला वेळ लागतो.

पण इथे प्रश्न बारीक वाहिन्यांचा आहे, आणि त्या दोन्ही यंत्रांना दिसत नाहीत. मधल्या धमनीत मोजायचं आणि पुढच्या अडथळ्याचा अंदाज बांधायचा. त्यासाठीचा पल्सॅटिलिटी इंडेक्स म्हणजे सिस्टोलिक (हृदय आकुंचन पावतानाच्या) वेगातून डायस्टोलिक (हृदय सैलावतानाचा) वेग वजा करून सरासरी वेगाने भागणं. कोनाची चूक अंशात आणि छेदात सारखीच, म्हणून ती कटून जाते. डुप्लेक्सची सगळ्यात जमेची बाजू इथे फारशी उपयोगी पडत नाही.

माझा कौल ठरला तो श्वास रोखण्याच्या चाचणीमुळे. ३० सेकंद श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, बारीक वाहिन्या सैलावतात आणि मधल्या धमनीतला वेग वाढतो. वेग ५० वरून ६५ झाला तर वाढ ३० टक्के. तिला ३० सेकंदांनी भागलं की निर्देशांक १. तो ०.६९ च्या खाली गेला की वाहिन्यांची लवचीकता कमी झाली असं धरतात. आता डुप्लेक्सचा प्रोब (कानशिलावर टेकवायचा भाग) हातात धरून हे करून बघा. आजोबा छातीभर श्वास भरतात, मान ताठ करतात, जबडा आवळतात. जबडा आवळला की कानशिलाचा स्नायू फुगतो आणि प्रोब जागचा हलतो. ज्या शेवटच्या सेकंदांसाठी सगळा खटाटोप, नेमकी तेव्हाच लहर पुसट होते. मग विश्रांती, मग पुन्हा तेच, आणि ऐंशीच्या घरातलं माणूस दमून जातं.

टीसीडीला डोक्याचा पट्टा असतो. टोपी काढायची, पट्टा आवळायचा, दोन्ही बाजूंचे प्रोब बसवायचे. हात मोकळे राहतात. पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून सांगता येतं, ‘आजोबा, नेहमीसारखा श्वास घ्या आणि तिथेच थांबा.’ लहर सहसा टिकून राहते.

वयस्कर बायकांत कानशिलाचं हाड बऱ्याचदा जाड असतं. तिथे डुप्लेक्स निदान लगेच दाखवतं की खिडकी, म्हणजे ध्वनिलहरी आत जाण्याची जागा, बंद आहे. टीसीडीवाला शोधतच बसतो. हा गुण मी नाकारत नाही.

रेडिओलॉजीत डुप्लेक्स आधीच असेल तर पल्सॅटिलिटी इंडेक्सपुरतं ते चालेल. मात्र वाढत्या वयाने, ताठर धमन्यांनी, कवटीतला दाब चढल्यानेही हा आकडा वाढतो, म्हणून तो एमआरआयशेजारी ठेवूनच वाचावा. श्वासाची चाचणी नियमित करायची असेल, तर माझ्या मते पट्ट्याचा टीसीडी घ्यावा.