बंडूची मास्ट सेलची गाठ आणि इलेक्ट्रोकेमोथेरपी: आठ महिन्यांनंतर

कुत्र्याच्या त्वचेच्या कर्करोगावर इलेक्ट्रोकेमोथेरपी, म्हणजे कर्करोगाचं औषध देऊन गाठीवर विजेचे झटके, करावी का, हा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या बंडूला या उपचाराचा उत्तम गुण आला. पण टेबलावर जे होतं ते थोड्या वेळात आटोपतं. खरं काम त्यानंतर घरी असतं आणि ते कित्येक आठवडे पुरतं. तेवढी तयारी असेल तरच हो म्हणा.

आम्ही इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहतो. बंडू नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर. त्याच्या मागच्या पायाच्या घोट्याजवळ वाटाण्याएवढी गाठ आली. हात लागला की लाल होऊन फुगायची, दुसऱ्या दिवशी बसायची. मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे अ‍ॅलर्जीशी संबंधित मास्ट पेशींचा कर्करोग, असा वागतो, कारण त्या पेशींत हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन भरलेलं असतं आणि गाठ चोळली गेली की ते बाहेर पडतं. लॅब्रॅडॉर, बॉक्सर, पग या जातींत हा ट्यूमर बराच दिसतो. अशी गाठ वरखाली होत असेल तर वाट बघू नका, सुईने पेशी काढून तपासून घ्या.

गाठ काढली, पण अहवालात कडा स्वच्छ नव्हत्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी होत्या. या ट्यूमरला भोवतालची दोनेक सेंटिमीटर निरोगी कातडी आणि खालचा एक थर घ्यावा लागतो. घोट्यावर तेवढी कातडी आणायची कुठून? पुढे त्याच व्रणात पुन्हा दाणा उठला. पाय कापणं हा एक मार्ग होता. रेडिओथेरपीला लांबच्या केंद्रावर परत परत नेऊन दर वेळी भूल द्यावी लागली असती. गाठीत टोचायचं स्टेलफोंटा नावाचं औषधही आहे, युरोपात २०२० साली मंजूर झालेलं. पण दाण्याबरोबर अख्ख्या व्रणावर उपचार हवा होता, म्हणून डॉक्टरांनी इलेक्ट्रोकेमोथेरपी सुचवली.

यातलं औषध कर्करोगावरचं जुनंच आहे, ब्लिओमायसिन. रेणू मोठा आणि पाण्यात विरघळणारा, त्यामुळे एरवी पेशीत जेमतेम शिरतो. गाठीवर विजेचे अगदी छोटे झटके दिले की पेशींच्या आवरणाला क्षणभर छिद्रं पडतात, औषध आत जातं आणि डीएनए तोडतं. प्रयोगशाळेत यामुळे त्याचा मारा हजारपटीहून वाढलेला दिसला आहे. फ्रान्समध्ये संशोधक लुई मीर आणि सहकाऱ्यांनी माणसांवरचे पहिले निकाल १९९१ मध्ये मांडले. प्राण्यांसाठी इटली आणि स्लोव्हेनियातल्या डॉक्टरांनी पुष्कळ काम केलं आहे.

त्या दिवशी बंडूला आधी अँटीहिस्टामिन आणि स्टिरॉइड दिलं. मास्ट सेल ट्यूमरमध्ये हे हवंच, कारण मरणाऱ्या पेशी एकदम हिस्टामिन सोडतात. मग पूर्ण भूल. औषध शिरेतून दिल्यावर काही मिनिटं थांबतात, ते गाठीत पोचू देतात, आणि मग झटके. नेहमीच्या पद्धतीत एका जागी आठ झटके, प्रत्येक १०० मायक्रोसेकंदांचा, सेंटिमीटरला १००० व्होल्ट किंवा थोडे जास्त. मग इलेक्ट्रोड सरकवून पुढची जागा, असं करत व्रण आणि भोवतालची पट्टी पुरी करतात. दर झटक्याला स्नायू आखडतात, म्हणून भुलेशिवाय हे करताच येत नाही. संध्याकाळी बंडू घरी आला आणि जेवलासुद्धा. उलटी नाही, केस गळणं नाही. औषधाची एकूण मात्रा नेहमीच्या केमोपेक्षा कमी असते. तरी पहिले काही दिवस शी-शू हातमोजे घालूनच साफ करायला सांगितलं होतं.

पहिल्या आठवड्यात नुसती सूज होती. मग दाणा काळवंडला, त्यावर चामड्यासारखी कडक खपली धरली आणि पुढे ती एका कडेने उचलायला लागली. खाली ओली, पिवळट जखम, आणि वास. इथे माणूस घाबरतो. आमच्या दवाखान्याने दिलेल्या कागदावर ‘थोडी खपली येईल’ एवढंच लिहिलं होतं. मालकांना जखमेचे फोटो आधीच दाखवायला हवेत, असं मला कळकळीने वाटतं. ब्लिओमायसिनने पेशी बऱ्याचदा विभागायला गेल्यावर मरतात, म्हणून हे सगळं सावकाश होतं. विभागत नसलेल्या निरोगी पेशी पुष्कळशा वाचतात, आणि म्हणूनच शेवटी कातडी भरून येते.

खपली ओढायची नाही. आमच्या आईंनी साताऱ्याहून फोनवर हळद लावायला सांगितली, पण डॉक्टरांनी सलाईनने धुण्यापलीकडे काहीही लावायला मनाई केली होती. चाटू द्यायचं नाही म्हणजे नाहीच, गळ्यात प्लास्टिकचा कोन (तोंड जखमेपर्यंत पोचू न देणारी कॉलर) रात्रंदिवस. बंडू दारांच्या चौकटींना धडकायचा, रुसून बसायचा. मी रात्री त्याच्याजवळ गादी टाकून झोपायचे, कारण कोन काढल्यावर दोन मिनिटांत जखम उघडते. घरात कुणीतरी सतत असेल अशा काळातच तारीख घ्या.

जखम भरल्यावर व्रणाच्या एका टोकाला शंका वाटली, म्हणून तेवढ्यापुरती आणखी एक खेप दिली. ती सोपी गेली. आज तिथे सपाट, गुलाबी कातडी आहे, कडेने पांढरे केस आलेत. बंडू जिने चढतो, बॉलमागे पळतो. चारही पायांवर.

हा उपचार जिथे झटके देतात तिथेच काम करतो. कर्करोगाच्या पेशी लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथीत) किंवा प्लीहेत गेल्या असतील तर पायावरचे झटके त्यांना शिवतही नाहीत. त्यामुळे आधी गुडघ्यामागच्या नोडची सुईने तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. बंडूच्या दोन्ही स्वच्छ निघाल्या, म्हणून आम्ही पुढे गेलो. मोठ्या, खोल गाठींवर एकट्या या उपचाराचा गुण कमी येतो; तिथे आधी शस्त्रक्रियेने गाठ कमी करून मग राहिलेल्या जागेवर झटके देतात. फुप्फुसाचा आजार असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा, कारण ब्लिओमायसिन फुप्फुसांना बाधू शकतं. विम्याची मंजुरी तारखेआधी लेखी घ्या. आणि रविवारी रात्री जखमेतून रक्त आलं तर फोन कोण उचलणार, हे दवाखान्याला आधीच विचारून ठेवा.