सी ड्राइव्ह लाल झालाय: आधी शोध, की थेट फॉरमॅट?

सांगलीत विश्रामबाग असो की गणपती पेठ, ‘सी ड्राइव्ह (विंडोज असतं ती डिस्क) भरलाय, पण टाकलं तर काहीच नाही’ असं दुकानात सांगितलं की बहुधा दोनच सल्ले मिळतात: फॉरमॅट मारू (डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकू), नाहीतर मोठी एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, टाकू. फॉरमॅटनं जागा होते, यात वाद नाही. पण जागा कुणी खाल्ली ते कळत नाही, आणि खाणारा पुन्हा आला की जागेची पट्टी पुन्हा लाल. शिवाय टॅलीचा डेटा, प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी फॉन्ट सगळं नव्यानं बसवत बसा. म्हणून फॉरमॅट मी सगळ्यात शेवटी ठेवतो.

तक्रार ‘500 जीबीची डिस्क 465च दाखवते’ एवढीच असेल तर काही हरवलेलं नाही. कंपनी हजारानं मोजते, विंडोज 1024नं.

खरी निवड आहे ती शोधायचं कशानं याची. सेटिंग्जमधलं ‘स्टोरेज’ पान आधीपासून असतंच. त्यातल्या ‘टेम्पररी फाइल्स’मध्ये मोठ्या अपडेटनंतर जुनं विंडोज पडून असतं, एकट्याचेच कितीतरी जीबी. मागे फिरता यावं म्हणून ते साधारण 10 दिवस ठेवलेलं असतं. नवं नीट चालत असेल तर खुशाल काढा. फक्त त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. तिथं टिक राहिली तर सातबारा, मुलांची हॉलतिकिटं, सगळं एका क्लिकमध्ये साफ. या पानाची मर्यादा अशी, की ‘अदर’ नावाचा भलामोठा ढीग दाखवतं, पण आत नेमकं काय ते पटकन हाती लागत नाही.

तिथं विनडरस्टॅट किंवा विझट्री लागतं, म्हणजे डिस्कवर कशानं किती जागा घेतली ते दाखवणारी सॉफ्टवेअरं. विनडरस्टॅट मुक्त स्रोत (ओपन सोर्स) आहे, अख्खी डिस्क रंगीत चौकोनांत मांडतं. सगळ्यात मोठ्या चौकोनावर क्लिक केलं की फाइलचं नाव समोर. पण त्याची जुनी आवृत्ती एकेक फोल्डर उघडत जाते, त्यामुळे जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर चहा होईपर्यंत थांबावं लागतं. विझट्री एनटीएफएसची (विंडोज डिस्कवर फाइल मांडतं त्या पद्धतीची) फाइलसूची थेट वाचतं म्हणून निकाल काही सेकंदांत येतो. घरगुती वापराला ते फुकट आहे, मात्र ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं उघडायचं. घरच्या कामाला माझं मत विझट्रीला.

त्यात दोन नावं हमखास वर दिसतात. ‘हायबरफिल’ म्हणजे हायबरनेटसाठी (चालू काम डिस्कवर ठेवून कॉम्प्युटर बंद करण्यासाठी) राखलेली फाइल. पूर्ण आकारात ती रॅमच्या सुमारे 40 टक्के असते, म्हणजे 16 जीबी रॅमला साडेसहाच्या आसपास. हायबरनेट बंद केलं की ती जाते, पण सोबत फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज लवकर सुरू होण्याची सोय, तीही जाते. दुसरं ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’. हा लपलेला फोल्डर, रिस्टोर पॉइंट (बिघाड झाला तर विंडोज मागच्या स्थितीला नेण्यासाठीच्या नोंदी) त्यातच साठतात. दिसणाऱ्या फोल्डरांची बेरीज आणि भरलेली जागा जुळत नसेल तर पहिला संशय याच्यावर घ्या. हातानं काही उडवायचं नाही. ‘सिस्टिम प्रोटेक्शन’मध्ये कमाल जागेची पट्टी कमी करा, जुने पॉइंट आपोआप जातील. विंडोज फोल्डरातल्या ‘विनएसएक्सएस’ला मात्र बोट लावू नका. एकच फाइल दोन ठिकाणी जोडलेली असल्यानं तो आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, आणि त्यातलं काही उडवलं तर विंडोज आडवं होतं.

नवी एसएसडी कधी घ्यायची? शोधाअंती मोठे चौकोन लग्नाच्या व्हिडिओचे आणि फोटोंचे निघाले तर. तिथं साफसफाईला वावच नाही. पण निव्वळ साठवायचंच असेल तर बाहेरची हार्ड डिस्क स्वस्त पडते. मूळ प्रत एकीवर, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती दुसरी वरच्या मजल्यावर. 2019 आणि 2021चा कृष्णेचा पूर बघितलेल्या सांगलीकराला हे का, ते विचारावं लागणार नाही.